नाव एक, धंदे अनेक

अप्सरा म्हटले की शाळकरी मुलाला पेन्सिल आठवते, वाळकेश्वरकडच्या माणसाला आइस्क्रीम आणि जुन्या मुंबईकराला लॅमिंग्टन रोडवरचे थिएटर. केसरी हे 1881 साली निघालेले टिळक-आगरकरांचे वृत्तपत्र, आणि केसरी पाटील यांनी 1984 साली सुरू केलेली सहलींची कंपनीही केसरीच. लक्स साबण एका कंपनीचा, लक्स बनियन दुसरीचे. प्रेस्टीजचा कुकर आणि बंगळुरूच्या प्रेस्टीजने बांधलेली इमारत यांचा एकमेकांशी संबंध नाही. सह्याद्री ही दूरदर्शनची वाहिनी आहे, पुण्यातल्या रुग्णालयांचे नाव आहे आणि नाशिक जिल्ह्यात मोहाडीला शेतकऱ्यांनी उभ्या केलेल्या कंपनीचेही. मुंबईच्या बेडेकरांचे लोणचे आणि पुण्याच्या बेडेकरांची मिसळ यांत कुणाची गल्लत झाल्याचे ऐकिवात नाही.

बहुतेक ठिकाणी हा सहवास बिनबोभाट चालतो. कुठे तरी मात्र ठिणगी पडते. डिसेंबर 2024 मध्ये इंडिगो विमान कंपनी महिंद्राच्या ‘बीई 6ई’ या विजेवरच्या मोटारीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ‘6ई’ ही इंडिगोच्या उड्डाणांची खूण. महिंद्राने दावा लढण्याचा हक्क राखून मोटारीचे नाव ‘बीई 6’ केले आणि त्याच वेळी एका जुन्या गोष्टीची आठवण करून दिली. इंडिगोचे पहिले विमान 2006 साली उडाले, त्याच्या आधीपासून टाटांची इंडिगो मोटार रस्त्यावर होती.

वेगवेगळ्या धंद्यांना एकच नाव लावता येते का, कुठवर येते आणि ते ठरवायचे कुणी, या प्रश्नाची आजची स्थिती काय आहे, हे येथे पाहायचे आहे. एकाच धंद्यातले नामसाधर्म्य, उदाहरणार्थ पुण्याच्या बर्गर किंगचा गाजलेला दावा, मुद्दाम बाजूला ठेवले आहे. तेथे गिऱ्हाईक फसण्याचा धोका उघड असतो आणि वादाचे मुद्दे निराळे असतात.

नावे येतात कुठून

आपल्याकडच्या पाट्या वाचत गेले तर नावांची गोत्रे लवकर ओळखू येतात. देवदेवता आणि पुराणांतली नावे सर्वांत जास्त: लक्ष्मी, गणेश, साई, नटराज. मग नद्या, डोंगर, गावे. मग आडनावे. मग एव्हरेस्ट, कोहिनूर यांसारखी मोठेपणा सुचवणारी नावे. एव्हरेस्ट मसाला आहे तसा छपराचा पत्राही आहे. या सर्व नावांची गंमत अशी की ती कुणा व्यापाऱ्याने घडवलेली नाहीत. ती आधीपासून होती, त्याने ती उचलली. त्यामुळे दोघांनी तेच नाव उचलणे हा योगायोगच असतो आणि त्यात लबाडी शोधण्याचे कारण नसते.

आडनावाचे उदाहरण थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. 1880 साली अण्णासाहेबांनी किर्लोस्कर नाटक मंडळी काढली. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना किर्लोस्करवाडीत उभा राहिला. नांगर, पंप, इंजिने तेथून महाराष्ट्रभर गेली. 1920 साली याच उद्योगातून शंकरराव किर्लोस्करांचे ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि पुढे ते ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घराघरांत पोचले. नाटक, नांगर आणि मासिक या तिन्हींवर एकच आडनाव, आणि मराठी माणसाला त्यात कधी अडचण वाटली नाही. पुढे याच आडनावावरून न्यायालयात जावे लागले, तो भाग नंतर येईल.

नावांचे शेवटचे गोत्र मात्र वेगळे आहे. कोडॅक हा शब्द जॉर्ज ईस्टमनने रचला. त्याच्याआधी कुठल्याही भाषेत तो नव्हता. असे रचलेले नाव दुसऱ्या धंद्यावर दिसले तर ‘योगायोग’ म्हणणे अवघड जाते. उचललेले नाव आणि रचलेले नाव, हा फरक या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचा आहे असे माझे मत आहे, आणि तो नेमका किती मोजायचा यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

मूळ नियम: ज्याचा त्याचा वर्ग

व्यापारचिन्हाच्या कायद्याची सुरुवात एका साध्या विचाराने झाली. नाव हे मालाची ओळख पटवण्यासाठी असते, म्हणून नावावरचा हक्क त्या मालापुरताच. 1957 च्या नीस करारातून आलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत आज 45 वर्ग आहेत, 34 वस्तूंचे आणि 11 सेवांचे. मोटारी वर्ग 12 मध्ये, प्रवासी वाहतूक वर्ग 39 मध्ये, उपाहारगृहे वर्ग 43 मध्ये. अर्ज वर्गवार करायचा आणि शुल्कही वर्गवार: ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप वा लघुउद्योगाला 4,500 रुपये, इतरांना 9,000. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. सलग पाच वर्षे आणि वर तीन महिने नाव वापरलेच नाही तर त्यामुळे बाधित झालेला कुणीही ते नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी करू शकतो, म्हणजे नावे अडवून बसणाऱ्याला थोडा तरी चाप आहे.

छोट्या व्यापाऱ्याच्या मनात येथे एक गोंधळ असतो आणि तो महागात पडतो. दुकानाचा गुमास्ता परवाना काढला की नाव आपले झाले, असे अनेकांना वाटते. तसे नाही. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद ही कामगार आणि कामाच्या तासांसाठी आहे. शेजारच्या गल्लीत त्याच नावाची नोंद होऊ शकते. कंपनीची नोंदणी हे दुसरे दार. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 4 प्रमाणे आधीच्या कंपनीच्या नावाशी तंतोतंत वा फार मिळतेजुळते नाव मिळत नाही, पण तेथे पाहिली जाते ती मुख्यतः कंपन्यांची यादी. तिसरे दार व्यापारचिन्ह नोंदणीचे, ज्याचे मुख्य कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. तीन दारे, तीन वेगळे हेतू. पहिल्या दोन दारांतून रीतसर आत आलेला माणूस तिसऱ्या दाराशी अडतो तेव्हा त्याला अन्याय झाल्यासारखे वाटते, आणि ते समजण्यासारखे आहे.

याशिवाय नोंदणी नसतानाही एक हक्क असतो. दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवला जात असेल तर ‘पासिंग ऑफ’चा दावा लावता येतो. त्यात नावलौकिक, फसगत आणि नुकसान सिद्ध करावे लागते. ब्रिटनमध्ये 1947 साली ‘अंकल मॅक’ या नावाने रेडिओवर मुलांचे कार्यक्रम करणाऱ्या निवेदकाने त्याच नावाच्या न्याहरीच्या पदार्थाविरुद्ध दावा केला, तेव्हा न्यायालयाने दोघांचे व्यवसायक्षेत्र समान नाही म्हणून तो फेटाळला. ‘समान व्यवसायक्षेत्र’ ही कसोटी पुढे बरीच वर्षे वापरात राहिली.

वळण

या नियमाला तडा मात्र त्याआधीच गेला होता. 1898 साली इंग्लंडमध्ये कोडॅक नावाची सायकल निघाली आणि कॅमेऱ्याच्या कंपनीने ती थांबवली. त्या काळी सायकलला जोडायचे कॅमेरे विकले जात, त्यामुळे संबंध अगदीच ओढूनताणून आणलेला नव्हता. 1924 साली जर्मनीत ओडोल या तोंड धुण्याच्या औषधाचे नाव पोलादी वस्तूंना लावण्यास न्यायालयाने मनाई केली. त्या दोन वस्तूंत गिऱ्हाईक फसेल असे कुणीच म्हणत नव्हते. तरीही नावाचे वेगळेपण झिजते, हे न्यायालयाने नुकसान मानले. अमेरिकेत फ्रँक शेक्टर यांनी 1927 च्या आपल्या प्रसिद्ध लेखात याच निकालाचा आधार घेऊन मांडले की नावाचे खरे मोल त्याच्या एकमेवपणात आहे, आणि ते कणाकणाने कमी होणे हीच हानी.

येथे प्रश्नच बदलला. गिऱ्हाईक फसले का, याऐवजी नावाचे तेज उणावले का, असे विचारले जाऊ लागले.

भारताने हे वळण टप्प्याटप्प्याने घेतले. 1958 च्या व्यापारचिन्ह कायद्यात कलम 47 प्रमाणे प्रसिद्ध नावाला इतर मालासाठीही बचावात्मक नोंदणी मिळत असे, पण ते नाव रचलेला शब्द असले पाहिजे, अशी स्पष्ट अट होती. 1999 च्या कायद्याने, जो 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झाला, ही व्यवस्था काढून टाकली आणि ‘सुविख्यात’ चिन्हाची कल्पना आणली. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारातली बांधिलकी त्यामागे होती. कलम 29(4) म्हणते की भारतात लौकिक असलेले नोंदणीकृत चिन्ह अगदी वेगळ्या मालावर, योग्य कारणाशिवाय, अनुचित फायदा घेण्यासाठी किंवा त्या चिन्हाच्या वेगळेपणाला वा लौकिकाला बाधा येईल असे वापरले, तरी तो भंग आहे. यात रचलेल्या शब्दाची अट उरली नाही. या एका बदलाची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी तितकी झालेली नाही. 2017 च्या नियमांपासून तर एक लाख रुपये शुल्क भरून आपले चिन्ह सुविख्यात ठरवून घेण्यासाठी थेट नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करता येतो.

न्यायालयांनी काय केले

निकालांचा पहिला प्रवाह नावाच्या मूळ मालकाच्या बाजूने वाहतो. कॅल्टेक्स हे पेट्रोलचे नाव घड्याळांना लावू देण्यास मुंबई उच्च न्यायालयाने 1960 च्या दशकातच नकार दिला. ‘सेव्हन ओ’क्लॉक’ ब्लेडचे नाव टूथब्रशवर आले तेव्हा, 1980 च्या दशकात, याच न्यायालयाने ते थांबवले; ब्लेड आणि ब्रश एकाच दुकानात, एकाच गिऱ्हाईकाला विकले जातात, हे लक्षात घेऊन. 1985 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर ‘बाटाफोम’ गाद्या आल्या. बाटा हे आपल्याकडचे आडनाव नाही, फळ-फूल-पशूचे नाव नाही, मग गादीवाल्याला ते सुचले कसे, या अंगाने न्यायालयाने विचार केला आणि मनाई हुकूम दिला. बेंझ नावाच्या अंतर्वस्त्रांचे प्रकरण तर चित्रासकट होते. खोक्यावर वर्तुळात उभा असलेला एक पुरुष, पाय फाकलेले, हात डोक्यावर जुळवलेले, म्हणजे मोटारीच्या तीन टोकांच्या ताऱ्याचीच मानवी आवृत्ती. दिल्ली उच्च न्यायालयाने 1990 च्या दशकात ते बंद केले, आणि ते खोके डोळ्यांसमोर आणले की निकालाचे आश्चर्य वाटत नाही.

आडनावांचे दावे याहून कठीण. प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरण्याची मुभा कायद्याच्या कलम 35 मध्ये आहे. तरी किर्लोस्कर प्रकरणात, 1990 च्या दशकात, मुंबई उच्च न्यायालयाने आडनाव लावू पाहणाऱ्या नव्या कंपन्यांना रोखले. किर्लोस्कर या नावाला उद्योगात स्वतःचा असा अर्थ आला आहे, आणि त्या समूहाचा पसारा इतका मोठा आहे की समान व्यवसायक्षेत्राची अट आता लागू करता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘महेंद्र अँड महेंद्र’ या कागद कंपनीविरुद्धचा मनाई हुकूम कायम केला. प्रवर्तकाचे स्वतःचे नाव महेंद्र असूनही.

दुसरा प्रवाह उलट दिशेचा आहे आणि तोही तितकाच ठाम. चारमिनार सिगारेटच्या कंपनीने आपली नोंदणी ‘तयार तंबाखू’ या व्यापक नावाखाली करून ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये तिला सिगारेटपुरते मर्यादित केले आणि जर्द्यासाठी चारमिनार नाव वापरणाऱ्याला वाट मोकळी केली. एका वर्गात नाव नोंदवले म्हणून त्या वर्गातल्या प्रत्येक वस्तूवर मक्तेदारी मिळत नाही, हा त्याचा गाभा. रेमंड कापडाच्या कंपनीला रेमंड फार्मास्युटिकल्सचे नाव थांबवता आले नाही. मुंबई उच्च न्यायालय, 2010.

आणि नंदिनी. कर्नाटकच्या दूध महासंघाची नंदिनी 1985 पासूनची. बंगळुरूची नंदिनी डिलक्स उपाहारगृहे 1989 पासूनची. एकाच्या चिन्हात गाय, दुसऱ्याच्या चिन्हात दिवा आणि मसाल्याची आठवण करून देणारे इंग्रजी वाक्य. उपाहारगृहाने नोंदणी मागितली, ती मिळाली, महासंघाने अपील केले, अपीलमंडळ आणि कर्नाटक उच्च न्यायालय महासंघाच्या बाजूने गेले. 26 जुलै 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. नंदिनी हे गाईचे, देवतेचे प्रचलित नाव आहे, कुणी रचलेले नाही. माल वेगळा, चिन्हांची मांडणी वेगळी. 1989 साली दूधवाल्या नंदिनीचा लौकिक एवढा पसरलेला होता असेही दाखवता आले नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ वगळून उपाहारगृहाला नाव मिळाले. या विषयावरचा आपल्याकडचा सर्वांत विचारपूर्वक निकाल म्हणून मी याकडे पाहतो, कारण तो नावाच्या गोत्राची दखल घेतो.

तीन भूमिका

मोठ्या नावांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे. नावलौकिक ही दशकांची कमाई आहे. एकच उद्योगसमूह आज मीठही विकतो, मोटारही आणि सॉफ्टवेअरही. मग ‘हा धंदा त्यांचा नाही’ असे गिऱ्हाईक कसे ओळखणार? उद्या त्याच नावाच्या हलक्या तराजूने फसवले, तर राग मूळ नावावर निघतो. शिवाय नावाच्या मालकाला उद्या नव्या क्षेत्रात उतरायचे असेल तर जागा आधीच दुसऱ्याने बळकावलेली नसावी.

दुसरी बाजू म्हणते, शब्द हे सार्वजनिक पाणवठे आहेत. देवाचे, नदीचे, आजोबांचे नाव लावून किराणा दुकान चालवणाऱ्याला वकिलाची नोटीस आली की तो खर्चाच्या भीतीनेच पाटी उतरवतो; त्याचा बचाव भक्कम असला तरी तो न्यायालयापर्यंत पोचतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ‘रामायण’ या नावावर उदबत्तीसाठी एकाधिकार नाकारला, त्यामागचा विचार या बाजूच्या जवळचा आहे.

मध्यममार्गी लोक सहअस्तित्वाच्या करारावर भर देतात: कुणी काय विकायचे, नावापुढे कोणता शब्द जोडायचा, कोणता रंग वापरायचा हे लिहून घ्यायचे. कायद्यातही प्रामाणिक समांतर वापर (कलम 12) आणि आधीचा वापर (कलम 34) यांना संरक्षण आहे. पण करार काळाबरोबर जुने होतात. बीटल्सची ॲपल कोअर आणि संगणकवाली ॲपल यांनी 1981 मध्ये तडजोड केली. संगणकवाल्यांनी 80,000 डॉलर दिले आणि संगीतात न उतरण्याचे मान्य केले. संगणकच गाऊ लागला तेव्हा 1991 मध्ये पुन्हा तडजोड, या वेळी सुमारे 2 कोटी 65 लाख डॉलरची. आयट्यून्सनंतर तिसरा दावा, 2006 मध्ये संगणक कंपनीचा विजय, आणि 2007 मध्ये सर्व चिन्हे तिच्याकडे जाऊन बीटल्सच्या कंपनीला परवान्याने वापर. दोन वेगळे धंदे एकमेकांकडे सरकत आले की कागदावरची रेघ पुसली जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

न सुटलेले

सर्वांत टोकदार मुद्दा कंपनीच्या नावाचा आहे. कुणी प्रसिद्ध चिन्ह मालावर न छापता कंपनीच्या नावात घातले आणि धंदा वेगळा असला, तर तो भंग का? ब्लूमबर्ग प्रकरणात (2013) दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की कलम 29(4) अशा वापरालाही लागू होऊ शकते. औषधांची सिप्ला आणि प्लास्टिकच्या घरगुती वस्तू विकणारी सिप्ला इंडस्ट्रीज यांच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2017 मध्ये उलट सांगितले. कंपनीच्या नावासाठी कलम 29(5) आहे, ते त्याच मालापुरते आहे, आणि वेगळ्या मालासाठी 29(4) कडे वळता येणार नाही. मालकाने पासिंग ऑफचा मार्ग धरावा. दोन्ही बाजूंची कारणमीमांसा वजनदार आहे. मला मुंबईचे वाचन कायद्याच्या शब्दांना अधिक धरून वाटते, तरी त्यातून एक मोकळी फट राहते हेही खरे.

पुराव्याचा प्रश्न तसाच लोंबकळत आहे. नावाचे वेगळेपण झिजते म्हणजे नेमके काय होते, ते मोजायचे कसे? गिऱ्हाइकांची पद्धतशीर पाहणी आपल्या न्यायालयांत क्वचितच पुढे येते. बहुधा न्यायाधीश सामान्य गिऱ्हाइकाच्या जागी स्वतःला ठेवून ठरवतात. कलम 29(4) मधले ‘योग्य कारण’ कोणते, आडनाव हे योग्य कारण आहे का, गावाचे नाव आहे का, यावरही निकाल अजून विखुरलेलेच आहेत.

इंटरनेटने वेगळीच अडचण आणली. नोंदवहीत 45 खण आहेत, पण संकेतस्थळाचा पत्ता एकच. अमेरिकेत उझी निस्सान यांनी स्वतःच्या आडनावाने 1994 मध्ये निस्सान डॉट कॉम घेतले. संगणक विकत होते. मोटार कंपनीने 1999 मध्ये दावा लावला. वर्षानुवर्षे लढून त्यांनी पत्ता राखला, पण त्यासाठी जे मोजावे लागले ते फार कमी छोट्या व्यापाऱ्यांना झेपेल. आपल्याकडे 2004 च्या सत्यम इन्फोवे निकालाने पत्त्यांनाही पासिंग ऑफचे संरक्षण दिले. मात्र दोघेही प्रामाणिक असतील तर पत्ता कुणाचा, हे त्यातून ठरत नाही. शेअर बाजारातही हीच गत. मार्च 2020 मध्ये लोक व्हिडिओवाल्या झूमऐवजी झूम टेक्नॉलॉजीज या वेगळ्याच कंपनीचे शेअर घेऊ लागले, तेव्हा अमेरिकी नियामकाला त्यांची उलाढाल थांबवावी लागली.

महाराष्ट्रापुरता एक मुद्दा अलीकडचा आहे. दुकाने व आस्थापना कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असे ठरले. हा नियम हवाच होता. पण इंग्रजीत एखादे अक्षर इकडेतिकडे करून वेगळी ठेवलेली नावे देवनागरीत हुबेहूब एक होतात. नंदिनीच्या दोन इंग्रजी स्पेलिंगमधला फरक मराठी पाटीवर उरत नाही. चिन्ह नोंदवताना बहुतेक व्यापारी इंग्रजी रूपच देतात. त्याच नावाचे देवनागरी रूप वेगळे नोंदवावे का, आणि पाटीवरचे साम्य कायद्याने लादलेले असताना ते वापरणाऱ्याच्या विरुद्ध धरावे का, याचे उत्तर अजून कुठल्या न्यायालयाकडे मागितले गेल्याचे माझ्या वाचनात नाही. नवी नोंदणी करणाऱ्याने तूर्त दोन्ही लिपींतले अर्ज करावेत, एवढेच सांगता येईल. व्यक्ती वा लघुउद्योगाला एका वर्गासाठी तो आणखी 4,500 रुपयांचा खर्च आहे.